जुन्या मेनूचा माणूस

कीबोर्डावर दोन्ही हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि भाऊ गाऱ्हाणं घालायला लागायचे. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान साईट नव्या व्हर्जनार नेऊचा योजल्यान हा. मधीच लाईट जाव नये, लाईन तुटा नये, जा काय वाकडानाकडा असात ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कॅफेतली सगळी गिऱ्हाइकं एका सुरात ओरडायची. रेल्वेचं तिकीट बघायला आलेला एखादा मुंबईचा पाहुणा दचकून खुर्चीतून उठायचा. मग भाऊ एंटर दाबायचे.

तुम्हाला हसू येईल. पण आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटताना गाऱ्हाणं घालतात, लग्नाचा मांडव घालताना घालतात, बोअरवेल मारतानाही घालतात. मग वेबसाईटने काय घोडं मारलंय?

कट्टा गावाच्या बाजारात एसटी थांब्यासमोर माझं सायबर कॅफे होतं. मोजके संगणक, एक करकरणारा पंखा आणि माझं तोंड. त्या तोंडाला सगळा बाजार वचकून असे. दोन हजार सालाच्या आगेमागे भाऊ पहिल्यांदा आले, ते बायकोच्या मागून. वहिनी आचऱ्याकडच्या किनाऱ्यावरून एसटीने मासळी घेऊन बाजाराला यायची. भडक पिवळी किंवा लालबुंद साडी, डोक्यावर टोपली, झपझप चाल. भाऊ तिच्या बरोब्बर मागे. ती वळली की हे वळायचे, ती थांबली की हे थांबायचे. बाजारातले टगे हसायचे, "बायलेच्या पदराक धरून इलो बघ!" भाऊही हसायचे आणि माझ्या दारात वेगळे व्हायचे.

घर होडीवाल्यांचं. भाऊ मात्र समुद्रावर जात नसत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "माका समुद्र लागता." होडीवाल्याच्या पोराने हे सांगायचं म्हणजे हलवायाच्या पोराला साखर चालत नाही म्हणण्यासारखं. पण आम्ही ते खरं धरलं होतं. माणूसच असा गोड, की त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नसे.

आधी ते नोटपॅडमध्ये एकेक ओळ लिहून पानं बनवायचे. मग ते फुकटचं सॉफ्टवेअर आलं, ज्याच्यावर साईट उभी करता येते. परवान्याला पैसे नाहीत, मालक नाही, आतलं सगळं उघडं. मी म्हटलं, "भाऊ, फुकट कोण देता? कायतरी भानगड असतली."

"गो बाय, तू रापण बघलंस मां? दर्यात जाळा टाकून सगळो गाव दोरी ओढता. जो दोरयेक हात लावता, तेका वाटो. ही तशीच रापण आसा. फक्त दर्या वायच मोठो."

आणि भाऊंनी हात लावला तो असा, की सोडलाच नाही. किनाऱ्यावर तेव्हा पर्यटक यायला लागले होते. घराच्या मागच्या पडवीला संडास-बाथरूम जोडून लोक खोल्या भाड्याने देत होते, आणि प्रत्येकाला वेबसाईट हवी होती. ती भाऊंनी बनवायची. उरलेल्या वेळात ते इंटरनेटवरच्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या चव्हाट्यावर बसायचे. कोण ब्राझीलचा, कोण पोलंडचा, कोण इंदूरचा. कोणाचं पान पांढरंफटक पडलंय, कोणाचे फोटो उलटे दिसताहेत. भाऊ मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळ्यांना उत्तरं द्यायचे. त्यांचं एकच पालुपद होतं. सॉफ्टवेअरच्या मूळ फायलींना हात लावू नका. जे काय नटवायचं ते बाहेरून नटवा. आत हात घातलात, तर नवं व्हर्जन येईल तेव्हा तुमचं सगळं वाहून जाईल, आणि नवं घेतलं नाहीत, तर चोर आत शिरतील. कॅफेत शिकायला येणाऱ्यांनाही ते दटावायचे, "मूळ फायलीक हात लावलंस तर हात मोडून ठेवीन!"

त्या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरातही ते होते. पुण्याची काही विद्वान मंडळी आणि हे. एकदा मोठा वाद पेटला. काही बिघडलं की पडद्यावर काय दिसावं? पुणेकर म्हणाले, 'त्रुटी आढळली आहे'. भाऊ म्हणाले, "त्रुटी म्हणजे काय ता माझ्या बायलेक कळाचा नाय. सरळ लिवा, 'काहीतरी चुकलं'." आठवडाभर पत्रापत्री चालली. शेवटी 'काहीतरी चुकलं' मंजूर झालं. त्या दिवशी भाऊंनी सगळ्या कॅफेला सोलकढी पाजली. प्रत्येक नव्या व्हर्जनला मेनूतले नवे शब्द येत आणि भाऊ ते मराठीत आणत. बटणावरचा शब्दन् शब्द त्यांनी तोंडात घोळवून बघितलेला असायचा.

मग ते धडपडायला लागले. कॅफेच्या पायरीला ठेच, शेजारच्या स्टुलाला लाथ. एकदा मी चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला, तर कोपराने थेट खाली. बाजारात बोभाटा झाला, की भाऊ दिवसाढवळ्या घेतात. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या तोंडाला कधी वास आला नव्हता, मला माहीत होतं. मी म्हटलं, "भाऊ, लोक तुमका दारूडो म्हणतत आणि तुमी गप बसतास? कोणाक तरी झापा!"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. पण बघत होते माझ्या खांद्यापलीकडच्या कॅलेंडरकडे.

"म्हणांदेत. दारूड्याक काम गावता गो. आंधळ्याक कोण देतलो?"

असं मला कळलं. लहानपणापासून रात्रीचं दिसत नसे. म्हणून होडीवर घेत नसत, म्हणून 'समुद्र लागतो'. मग कडेने दिसेनासं झालं आणि होता होता उरलं ते नळीतून बघितल्यासारखं, मधलं तेवढंच. बेळगावच्या डॉक्टरने सांगितलं होतं की याला औषध नाही, नळी बारीक होत जाणार. वहिनीच्या साड्या भडक का, ते मला तेव्हा कळलं. भाऊंचे चुलते तसेच आंधळे झाले होते. "तेंका पडवीत बसवल्यानी," भाऊ म्हणाले. "येळेर जेवूक घालीत, पण कोण काय इचारी नाय. घरात पाटो असता तसो माणूस. माका काम व्हया. काम आसा तवसर मी माणूस आसंय." मी पदराने नाक पुसलं आणि एका गिऱ्हाइकावर उगाचच खेकसले.

काम चालायचं ते मेनू पाठ होता म्हणून. वरच्या पट्टीत पहिलं काय, दुसरं काय, बटण कुठल्या कोपऱ्यात, हे हाताला ठाऊक होतं. नळी तिथे नेमकी न्यायची, बस्स.

आणि नवं व्हर्जन आलं. मेनू वरून उचलून डावीकडे नेला, बारीक केला, एकात एक दुमडला. जगभर कौतुक झालं. किती सुटसुटीत, किती देखणा! भाऊ सकाळभर पडद्यावर नळी फिरवत राहिले आणि एक बटण सापडेना. चव्हाट्यावर त्यांनी लिहिलं, की जुनी मांडणी ठेवायची सोय द्या. दोन दिवसांनी कोणीतरी भल्या माणसाने उत्तर दिलं, 'होईल हळूहळू सवय.' का हवी, ते भाऊंनी लिहिलं नव्हतं. कसं लिहितील? तिथेही गिऱ्हाइकं होती.

मग भाऊंनी काय केलं असेल? मूळ फायलींत हात घातला. होय, भाऊंनी! जुन्या व्हर्जनवर परत गेले, म्हणजे मेनू वरच राहिला, आणि त्याच्या आत शिरून अक्षरं वीतभर केली, बटणं पिवळीधमक केली. सगळ्या गिऱ्हाइकांच्या साईटी तशाच केल्या. आता नवं व्हर्जन घेतलं की हे सगळं जाणार, म्हणून नवं घेणं बंद. कॅफेतलं गाऱ्हाणंही बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "देवाक काय सांगू? माका सगळा म्हायत आसा गो. येक मे महिनो काढूंदे."

मे महिना निघाला. नाताळ निघाला नाही.

ऐन हंगामात किनाऱ्यावरचा एक खोल्यावाला तणतणत कॅफेत शिरला. त्याची साईट उघडली की परदेशी गोळ्यांच्या घाणेरड्या जाहिराती दिसत होत्या. बुकिंगवाले फोन करून थट्टा करत होते. मी बघितलं, तर भाऊंच्या सगळ्याच साईटींत चोर शिरले होते. खोल्यावाल्याने साईट उघडून पडदा भाऊंच्या नाकासमोर ओढला. "वाच, काय लिवला हा हयसर! मोठ्यान वाच!"

दारातून ऊन थेट काचेवर येत होतं. भाऊंनी मान इकडे केली, तिकडे केली. मग शांतपणे, अगदी बोट ठेवून, ते वाचू लागले, "समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरगुती मालवणी जेवण. स्वच्छ खोल्या, माडांची सावली..."

त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर होता तो, पाठ असलेला. बोट टेकलं होतं ते एका नागड्या बाईच्या चित्रावर.

खोल्यावाल्याचा राग कुठच्या कुठे गेला. "आवशीक खाव," तो हळूच म्हणाला. "ह्येका दिसणाच नाय." आणि त्याने भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांत सगळ्यांनी साईटी कुडाळच्या एका पोराकडे दिल्या. कोणी वाईट बोललं नाही. उलट वहिनीकडून जास्त मासळी घ्यायला लागले. तिने एकाला टोपलीच दाखवली, "व्हयी तितकीच घे. भीक नको माका!"

चव्हाट्यावर मात्र त्या दिवसांत भाऊंनी मला लिहायला सांगितलं. खरं तेच लिही म्हणाले. मी लिहिलं. कॅनडातल्या एका माणसाचं उत्तर आलं. तो जन्मांध होता, आणि इतकी वर्षं भाऊंशी बोलत होता. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं! त्याने पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम सांगितला. मी नाचतच कॅफेतला एक संगणक रिक्षात घातला आणि भाऊंच्या पडवीत नेऊन जोडला. स्पीकर लावले. भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

मी साईटचं सॉफ्टवेअर उघडलं. भाऊंनी टॅब दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही. मग मध्येच स्पीकर 'टू' म्हणाला आणि गप्प झाला.

"हयसर काय नाय काय गो? पान कोरा आसा?"

मला उलगडायला वेळ लागला. त्या यंत्राला इंग्रजीच येत होतं. मराठी अक्षर आलं की ते तोंड मिटून पुढे जायचं; मध्ये एक इंग्रजी आकडा लागला, तेवढाच वाचला. "कोरा नाय, भाऊ," मी म्हटलं. "भरलेला आसा. तुमचाच मराठी आसा सगळा."

भाऊंनी कीबोर्डावरचा हात काढून घेतला.

"काढून टाक ता."

"मी नाय काढूचंय!" मी ओरडलेच. "शिरा पडो तेच्या तोंडार! इतक्या वर्सांचा काम तुमचा!"

"गो बाय, माका काम व्हया. मराठी काढ, इंग्लिश ठेव."

मी काढलं. एक फाईल, एक बटण. त्याबरोबर स्पीकर इंग्रजीतून घडाघडा बोलायला लागला, पोस्ट्स, मीडिया, लिंक्स, पेजेस, आणि भाऊ पहिलीतल्या पोरासारखे त्याच्या मागून एकेक शब्द म्हणू लागले. बाहेरून वहिनीने हाक मारली, "कोण इलो हा?"

"कोण नाय," भाऊ म्हणाले. "काम चालू झाला."

काम आलं नाही. पुढल्या वर्षी गणपतीच्या आधी भाऊ तापाने गेले. तोपर्यंत रोज सकाळी ते शर्ट घालून त्या संगणकासमोर बसत, असं वहिनी सांगते. फोन वाजला की आधी चाचपडत स्पीकर बंद करायचे, पलीकडच्याला कळू नये म्हणून, मग घसा खाकरून उचलायचे. बहुतेक वेळा तो वहिनीच्या माहेरचा असायचा.