नसरीननं ओळखलेला तीनशे आकडी नंबर

नसरीन गेली त्याला आज वर्ष झालं. तिचं एक श्रेय माझ्याकडं आहे. मी ते चोरलंय.

मी केदारखेड्याचा, ती शहागडची. तिच्या अब्बांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. जालन्यात एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो आणि पुण्यात एकाच छोट्या कंपनीत लागलो.

माहिती कुलूपबंद ठेवणारा कोड आम्ही लिहायचो. दुसरे लोक तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायचे.

माझं काम एकच. कुलपाच्या किल्लीसाठी रँडम नंबर बनवायचा. तीनशे आकडी. जगात कुणाला अंदाज लागू नये असा.

माझा कोड पास झाला होता. दोन दिवसांनी एका बँकेकडं जाणार होता.

दुपारी नसरीन टेबलाशी आली.
"दत्ता, टेस्टचा नंबर कधी बनवला होतास?"
"आज सकाळीच. काऊन?"
"काही न्हाई."

तासाभरानं तिनं माझ्यापुढं प्रिंटआउट ठेवला. माझाच नंबर. तीनशेच्या तीनशे आकडे बराबर.
त्या नंबरानं बंद केलेली माझी फाईलही तिनं उघडून दाखवली.

मी तो नंबर कुणालाच सांगितला नव्हता.

"तुझा नंबर घड्याळाच्या सेकंदावरून सुरू होतो," ती म्हणाली. "दिवसात सेकंद किती? शहाऐंशी हजार चारशे. एकेक लावून पाहिला. मशीनला कितीसा वेळ लागतो?"

नोकरी अजून कच्ची होती. बहिणीचं लग्न ठरलेलं.

"सरांना सांगून राह्यली का?"
"मी न्हाई. तूच सांग. मी सांगितलं तर तुझी चूक निघाली म्हणतील. तू सांगितलं तर तू पकडली म्हणतील."

संध्याकाळपर्यंत शेजारी बसून तिनं माझ्याकडून कोड बदलून घेतला. कीबोर्ड, माउस, डिस्क यांच्या बारीकसारीक हालचालींतून मशीन जो गोंधळ साठवतं, त्यावरून आता नंबर सुरू होणार होता. घड्याळ बिलकुल बाद.

मंग मी सरांकडं गेलो.

"स्वतःची चूक स्वतः पकडणारा माणूस पाहिजे मला," सर सगळ्यांसमोर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नसरीननंही वाजवल्या.

मी तिचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

मागच्या वर्षी तिला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी गेली.

मी शहागडला पोचलो तेव्हा दफन होऊन गेल्तं. तिच्या अब्बांना मी चाचा म्हणायचो. चाचांनी माझा हात धरला.
"बेटा, तुमचं लई सांगायची ती. स्वतःची चूक स्वतः पकडली म्हणे तुम्ही."

तिनं घरीसुद्धा माझी लाज राखली होती.

आणि मी मान हलवली. तेव्हासुद्धा.

आज सकाळी परत गेलो. चाचा टबात ट्यूब बुडवून बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ट्यूब तशीच दाबून ऐकत राहिले. बुडबुडे निघत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

वाटलं, आता शिव्या देतील.

"नसरीनला एवढं येत होतं?"
"चाचा, ऑफिसात एवढं कुणालाच येत नव्हतं."

त्यांनी हात पुसले. डोळे पुसले. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"मंग परत सांगा. सुरुवातीपासून."

मी परत सांगितलं.

नसरीन, लई उशीर केला. माफ कर.
जन्नत नसीब होवो तुला.