ताईसाठी काढलेली वाट

पडदा वर जातो तेव्हा दिसते परमुलखातली एक अरुंद कचेरी. खाली लॉन्ड्री, त्यामुळे इस्त्रीची वाफ दिवसभर जिन्यातून वर येत राहते. तीन टेबलं, पाण्याविना रुसलेली एक कुंडी आणि भिंतभर जगाचा नकाशा. समोरच्या खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं नेमकं अटलांटिकवर पडत आल्यानं तो महासागर पार विटून दुधासारखा पांढरा झालेला. त्या पांढऱ्या पाण्याखाली खुर्ची टाकून बसलाय आपला नायक. पोट थोडं सुटलेलं, चष्मा कपाळावर चढवलेला, हातातलं पेन तलवारीसारखं उगारलेलं. सगळे त्याला वाटाड्या म्हणतात.

वाटाड्याचा धंदा विमानाची तिकिटं काढून देण्याचा, पण तसं म्हटलेलं त्याला खपत नसे. तिकिटं काय, कोणीही सोम्यागोम्या काढतो. तो वाटा काढायचा. अटलांटिक ओलांडून जाणारं गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्या अंगात यायचं. कुठल्या कंपनीच्या विमानात गुडघे पुढच्या खुर्चीला घासतात, कुठल्या कंपनीची माणसं पाणी मागितलं तर उपकार केल्यासारखं देतात, जाताना कुठल्या बाजूला बसलं की उन्हाचा त्रास होत नाही, हे सगळं तो उभं राहून, नकाशावर पेन फिरवत सांगायचा. शेवटी हात पसरून क्षणभर थांबायचा. टाळीसाठीच जणू.

"वाटाडेबुवा, बसा आता. गिऱ्हाईक घाबरलंय," शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस बाई म्हणायची.

"घाबरलं नाही, भारावलंय."

"भारावलेलं माणूस दाराकडे बघत नसतं."

एक मात्र खरं, की त्याची वाट कधी चुकत नसे. त्याचं कारणही होतं. पुढ्यात बसलेल्याला तो सगळ्यात आधी पासपोर्ट मागायचा. पासपोर्ट उलटसुलट बघायचा, आतली पानं चाळायची आणि मग पेन उचलायचं. हा त्याचा नेमच होता. कोणाच्या पासपोर्टाला कुठल्या देशाचं दार उघडतं आणि कुठलं नाही, यावरच सगळी वाट अवलंबून. "पात्र ठरल्याशिवाय नाटक बसवता येत नाही," असं तो बाईला ऐकवायचा.

त्या दिवशी जिना चढून आली ती त्याची थोरली बहीण. ताईचे गुडघे दुखरे, त्यामुळे वर पोचेपर्यंत तिनं लॉन्ड्रीवाल्याला, जिना बांधणाऱ्याला आणि धाकट्या भावाला ओळीनं नावं ठेवली होती. ताईची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे. बाळंतपण तोंडावर आलेलं, तेही अवघड. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवून दिला होता. जावई जहाजावर, भर समुद्रात कुठंतरी. जवळ असं कोणीच नाही.

"मला थेट विमान दे," खुर्चीत टेकत ताई म्हणाली. "एकदा चढेन, एकदाच उतरेन. मधे कुठं हिंडवू नकोस."

वाटाड्याचा चेहरा पडला. "थेट? ताई, थेट तर हा खालचा लॉन्ड्रीवालासुद्धा काढून देईल."

"मग त्याच्याकडे जाऊ का?"

"अगं, त्या थेट विमानात माणसं डब्यात लोणचं भरावं तशी भरतात. तुझे गुडघे बघ. मी तुला अशी वाट देतो, की तू पोचशील ती झोप काढून, ताजीतवानी."

आणि तो उभा राहिला. उत्तरेकडच्या एका लहानशा देशातून त्यानं वाट काढली. पहिला टप्पा एका नव्या कंपनीचा, पाय पसरता येतील अशा खुर्च्या. मधे निवांत मुक्काम, पाठ टेकायला जागा असलेला शांत विमानतळ. पुढचा टप्पा दुसऱ्या कंपनीचा. पोचायचं ते सकाळी, लेकीकडे उन्हं आलेली असताना. आयुष्यात काढलेल्या वाटांमधली सगळ्यात देखणी वाट त्यानं आपल्या बहिणीसाठी काढली. पेन विटलेल्या महासागरावरून मोरपिसासारखं फिरलं.

"दोन कंपन्या, म्हणजे दोन वेगळी तिकिटं ना?" हिशेबनीस बाईनं मान वर न करता विचारलं. "मग बॅग मधे उतरवून घ्यावी लागेल. बाहेर येऊन."

"येईल की बाहेर. दारं सताड उघडी आहेत तिथं आपल्याला."

ताईनं पर्समध्ये हात घातला. "हे कागद बघायचेत का तुला? लेकीनं तिकडून व्हिसाचं सगळं करून घेतलंय."

"ठेव गं ते," तो हसत म्हणाला. "तुझं नाव आणि जन्मतारीख मी तुला विचारणार का? घरच्या माणसाचे कागद बघायला मी काय पोलीस आहे?"

परक्याचा पासपोर्ट मागायला त्याला कधी संकोच वाटला नव्हता. बहिणीचा मागायचा तर तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं. त्यानं या देशाचा पासपोर्ट घेऊन कैक वर्षं झाली होती. ताईनंही घेतला असेलच, असं तो धरून चालला. ताईनं घेतला नव्हता. मेव्हणे गेल्यावर तिनं कुठल्याच कागदावरचं काही बदललं नव्हतं. जन्मदेशाचाच पासपोर्ट, दर वेळी नवा करून घेतलेला. आणि त्या पासपोर्टाला उत्तरेकडच्या त्या लहानशा देशाचं दार बंद होतं.

हे त्याला कळलं ते विमानतळावर, काउंटरपाशी.

काउंटरवरची मुलगी शांतपणे पासपोर्ट उलटत होती. पुन्हा पहिल्या पानावर आली. "आजी, मधे बॅग घ्यायला तुम्हाला त्या देशात शिरावं लागेल. तिथला व्हिसा?"

ताईनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं भावाकडे पाहिलं. अगदी विश्वासानं. आता हा काहीतरी बोलेल आणि ही पोर हो म्हणेल, अशा नजरेनं.

वाटाड्या पुढं झाला. घसा खाकरून बोलायला लागला. नियम सांगितले, ओळखी सांगितल्या, आवाज चढवला, मग गोड केला. इतकी वर्षं ज्या आवाजावर गिऱ्हाइकं डोलली तो आवाज त्या काउंटरवर आपटून परत येत होता.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असते तर बॅग परस्पर पुढं गेली असती. आजी आतल्या आत बसून राहिल्या असत्या. हे कोणी काढून दिलं तुम्हाला?"

मागं रांग होती. रांगेत त्याचंच एक गिऱ्हाईक होतं, दातांचे डॉक्टर, सहकुटुंब. त्यांनी ओळखीचा हात वर केला होता, तो तसाच हळूहळू खाली घेतला.

ताईनंच बॅगेची कडी धरली आणि बॅग रांगेतून बाजूला ओढली.

सुट्ट्यांचे दिवस. थेट विमानं भरलेली. एका तिकिटावरच्या वळशांमध्ये जिथं जागा होती, तिथं ताईच्या पासपोर्टाला विमानतळात नुसतं बसायलाही व्हिसा हवा होता. विमानतळाच्या बाकावर बसून त्यानं माहीत असलेला प्रत्येक रस्ता चाचपून पाहिला. एकही रस्ता शस्त्रक्रियेच्या दिवसाआधी पोचत नव्हता. थेट विमानात जागा मिळाली ती त्या दिवसानंतरची.

ताईनं शेजारी बसूनच लेकीला फोन लावला.

"अगं, राहिलंच बघ माझं निघायचं. ... नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. पासपोर्टाचं गं. एक व्हिसा घ्यायचा होता मधला, माझ्या ध्यानातूनच गेलं. म्हातारी झाले मी. ... मामाला कशाला रागावू? तो बिचारा इथं धावपळ करतोय माझ्यासाठी."

वाटाड्या हातभर अंतरावर होता. फोन घ्यायचा आणि बोलायचं, एवढंच करायचं होतं. त्यानं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

बाळ झालं. मुलगी. लेक टॅक्सी करून एकटी दवाखान्यात गेली आणि शस्त्रक्रियेच्या कागदावर सहीही तिनं स्वतःच केली. लेकीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकेनं फोटो पाठवला. ताईनं तो कचेरीत आणून सगळ्यांना दाखवला. वाटाड्यालाही दाखवला. तो चष्मा शोधायला लागला. चष्मा कपाळावरच होता.

"काय झालंय हो तुम्हाला?" ताई गेल्यावर हिशेबनीस बाई म्हणाली. "काल त्या जोडप्यानं वाट विचारली, तर तुम्ही 'थेट जा' म्हणालात. बसूनच."

"बरोबरच म्हणालो."

"बरोबर हो. पण ऐकवत नव्हतं." मग बराच वेळ तिनं आकडे मांडले आणि म्हणाली, "मी त्या दिवशी बॅगेचं बोलले होते. अजून एकदा बोलायला हवं होतं."

"तू अजून दहादा बोलली असतीस तरी मी ऐकणारा नव्हतो," तो म्हणाला. तेवढंच. या वाक्यासाठी त्याला मान खाली घालावी लागली.

थेट विमानाचा दिवस आला. या वेळी तिकीट काढताना त्यानं पासपोर्ट मागितला होता. ताईनं तो मुकाट्यानं दिला, त्यानं तो परक्यासारखा पानन् पान बघितला, आणि दोघांनाही ते नको झालं.

"खिडकी हवी की कडेची?" त्यानं विचारलं होतं. गिऱ्हाइकाला कुठं बसवायचं हे आजवर त्यानं कधी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"कडेची. ऊठबस करता येईल."

काउंटरवर मुलगी वेगळी होती. तिनं बॅगेला पट्टी लावली आणि "सावकाश जा आजी" म्हणाली. इतकं सोपं. वाटाड्या बॅग पट्ट्यावरून आत जाताना बघत राहिला.

आत जायच्या दाराशी ताई थांबली. त्यानं तोंड उघडलं. "ताई, त्या दिवशी फोनवर तू..."

"गप. इथं रांग अडते." तिनं त्याची कॉलर सारखी केली. "ती तिकडं बाळंतीण, त्यात तुझ्यावर रागावून बसली असती तर कोणाला बरं वाटलं असतं? माझ्यावर रागावली तर संध्याकाळपर्यंत विसरते. जेवून घे." आणि गुडघ्यावर हात टेकत ती दारातून पलीकडे गेली.

तो गाडीपर्यंतही पोचला नव्हता, तोच फोन वाजला. भाची. मागं बाळाचं बारीक, चिडकं रडणं.

"मामा, चढली का रे आई?"

"आत गेली. कडेची जागा आहे. उतरल्यावर चाकाच्या खुर्चीवाला नावाची पाटी घेऊन उभा असेल."

"तू आहेस म्हणून बरं बाबा. नाहीतर पुन्हा काहीतरी विसरून बसली असती. खरं सांगू, त्या दिवशी मी फार बोलले तिला. एवढं साधं लक्षात राहत नाही का, म्हटलं. ऑपरेशनला आत नेताना तेच डोक्यात होतं, की आईला माझ्यापेक्षा..." मागचं रडणं वाढलं. "जाऊ दे. आता येतेय ना."

माणसं सामानाच्या गाड्या ढकलत त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होती. कोणीतरी "जरा बाजूला, काका" म्हणालं. तो बाजूला झाला नाही.

"मामा? आहेस ना?"

"तुझी आई काहीच विसरली नव्हती गं. ती कागद दाखवत होती, मीच बघितले नाहीत."