संघ खाली गेला ती दुपार

नव्या प्लास्टिकच्या एप्रनचा वास आला की मला दोन हजार एकवीसच्या मे महिन्यातली, आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलमधली एक शनिवारची दुपार आठवते. मी तिथे कोविड वॉर्डात डॉक्टर होते आणि खिडकीजवळच्या खाटेवर सत्तरी ओलांडलेले एक आयरिश आजोबा होते. त्यांचा ऑक्सिजन घसरत होता, पालथं झोपलं की फुप्फुसांत हवा जास्त जाते, तरी पालथं झोपायला ते दोन दिवस साफ नकार देत होते. "राहू दे, डॉक्टर. खूप जगलो," एवढंच म्हणायचे. इंग्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका फुटबॉल संघाचे सामने बघायला हा माणूस पन्नास वर्षं बोटीने समुद्र ओलांडून जात आला होता. त्या दुपारी हंगामातला शेवटचा सामना होता; हरले तर संघ तिसऱ्या श्रेणीत जाणार होता. मी फोनवर निकाल पाहिला आणि वॉर्डाच्या दाराशी नवा एप्रन उगाच सावकाश बांधत राहिले. शेवटी खाटेजवळ गेले, तर मास्कवरचे माझे डोळे पाहूनच त्यांनी विचारलं, "गेलो ना खाली?" मी मान हलवली. त्यांच्या मास्कमधून ऑक्सिजनची सूं-सूं ऐकू येत होती. मग तिकडे 'ठीक आहे' म्हणतात तसं म्हणाले, "ग्रँड. आता छोट्या छोट्या गावांत खेळावं लागेल पोरांना. अशा वेळी तर कुणीतरी सोबत हवं. नवा हंगाम ऑगस्टमध्ये. तोपर्यंत मला उभं कराल?" "करू, पण पालथं झोपावं लागेल." त्यांनी उशी छातीखाली ओढली आणि धापा टाकत ते स्वतःच पालथे झाले. तीन आठवड्यांनी ते काठी टेकत घरी गेले. आजही वाईट बातमी सांगायला जाताना मी दाराशी क्षणभर थांबते. समोरचं माणूस मनाने केवढं मोठं निघेल, ते आपल्याला आधी कळत नाही.