आमची सून गुरुत्वाकर्षणात हाय

“पोरगी गुणाची हाय गं, पण अजून वरीसभर पुण्यात ऱ्हाऊन करणार काय? तर म्हणं, विश्व कसं फुगलं! फुगून झालंय की ते!”

सासूबाई त्यांच्या जावेला हे सांगत होत्या आणि मी दाराआड धुण्याची बादली घेऊन उभी होते. लग्नाला दोन महिने झालेले, माझ्या पीएच.डी.चं एक वर्ष उरलेलं. सोमवारी मला पुण्याला परत जाऊ द्यायचं की नाही, हे पणदऱ्याच्या या घरात अजून ठरायचं होतं.

घरात बोलणारे सगळे आणि ऐकणारी मी एकटी. अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात!

*

ओळख करून देण्यात आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हात कुणी धरणार नाही. दूध घालायला गेलो, तिथं शेजारचे तात्या भेटले.

“ही आमची सून. गुरुत्वाकर्षणात हाय.”

तात्यांनी मला आदरानं न्याहाळलं. “पर्मनंट का?”

आबा छाती काढून म्हणाले, “एक वरीस ऱ्हायलंय!”

*

एकदा जेवताना अभिजित, माझा नवरा, म्हणाला, “सांग की सगळ्यांना, नक्की काय करतेस ते.”

मी भीतभीत सुरुवात केली. “अगदी आधी विश्व खूप तापलेलं होतं. सगळं सगळीकडून सारखं. मग ते गार होताना ही सममिती मोडली आणि...”

“मोडली न्हाय म्हणायचं!” सासूबाईंच्या हातातली आमटीची पळी तशीच थांबली. आमच्याकडे बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. नव्या नवरीच्या तोंडी मोडणं-तुटणं चालत नाही. “वाढली म्हण.”

“बरं. मग सममिती वाढली.”

विज्ञान बरोब्बर उलटं झालं! पण सगळे समाधानानं जेवले.

*

सांगवीच्या वळणावर उसाची ट्रॉली कलंडली. कुणाला लागलं नाही, पण रस्ता उसानं भरला. अभिजितच्या मित्राचा लगेच फोन. “वहिनी, या लवकर, तुमच्या खात्याचं काम निघालंय!”

मी गेले नाही, आबा गेले. तिथं जमलेल्यांना त्यांनी ठणकावलं म्हणे, “ती पडण्यावर काम करीत न्हाय. पडायला सुरुवात कवा झाली, त्यावर करती!”

चार वर्षांत माझ्या गाइडनाही माझा विषय इतक्या थोडक्यात सांगता आलेला नाही.

*

आबा पूर्वी गुळव्या होते. गुऱ्हाळावर गूळ नेमका कधी उतरवायचा, हे सांगणारा माणूस. अजूनही हंगामात त्यांना बोलावणं येतं. एकदा मीही सोबत गेले. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला उकळता पाक गार करायच्या वाफ्यात ओतला, आबांनी लाकडी फावड्यानं तो घोटायला घेतला, आणि बघता बघता पाकाचा गूळ व्हायला लागला.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “आबा, आमचंही असंच आहे. गरम पाकात सगळ्या दिशा सारख्या. गार होताना तो रवा धरतो, कणीदार होतो आणि सारखेपणा संपतो. आमच्या मते विश्वात भरून असलेल्या एका क्षेत्रानं अशीच जागा धरली, तेव्हा गुरुत्वाकर्षणाला आजचा जोर आला. आणि ते क्षेत्र हळूहळू जागेवर येत होतं, तेवढ्यात विश्व अफाट फुगलं.”

आबा घोटत राहिले. मग म्हणाले, “पण वाफ्यात कडंला आधी धरतो, मधी मागनं. तुमचं सगळीकडं एकसारखं कसं धरलं?”

हाच प्रश्न सेमिनारमध्ये एका नामांकित प्राध्यापकांनी विचारला होता. त्यांच्यासमोर तीन पानं टिपणं होती, आबांच्या हातात फावडं!

“आपल्याला दिसतं ते सगळं एका रव्याहून बारीक जागेतून फुगलंय,” मी म्हणाले. “त्या जागेत कड नव्हतीच.”

“मग बराबर हाय,” आबा म्हणाले, आणि माझ्या हातावर गरम गूळ ठेवला.

*

रविवारी कोऱ्हाळ्याहून अभिजितचे मामा आले. सासूबाईंनीच निरोप धाडला होता. मामांचा शब्द घरात शेवटचा.

“सूनबाई पुण्यात, मग हितं भाकरी कोण थापणार?” मामांनी विचारलं.

सासूबाईंनी भावाकडं पाहिलं. “ती यायच्या आधी काय उपाशी होतो व्हय आमी?”

मी चमकले. मामाही.

“पण उपेग काय त्या शिक्षणाचा?”

मग सगळेच माझ्या वतीनं बोलायला लागले. आबांनी रवा कसा धरतो ते सांगितलं. अभिजितनं पेल्यातलं पाणी ताटात सांडून काहीतरी दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “सममिती वाढली म्हणून आपण सगळे जमिनीवर हाय!” तिघांचंही थोडंथोडं चुकत होतं, आणि तिघंही जिवाच्या आकांतानं भांडत होते. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “आन एवढं करून ते खोटं ठरलं तर?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं.

“खोटं ठरलं मामा,” मी म्हणाले, “तर ते खोटं आहे हे जगात सगळ्यात आधी मला कळेल. उद्या सातच्या एसटीनं जाते मी.”