नवं मॉडेल, किंमत तीच

घरात कुणालाही गाडी घ्यायची असली की आधी तिला विचारायचे. कुठल्या गाडीची किंमत अवाच्या सवा लावली आहे, कुठलं मॉडेल पडून राहणार, हे ती छातीठोकपणे सांगायची. गाड्यांचं हे वेड तिला मामाने लावलं होतं. त्या वेडापायीच ती शोरूममध्ये विक्रीच्या कामाला लागली.

एकदा मॅनेजरने सगळ्यांना ताकीद दिली. दोन महिन्यांनी नवं मॉडेल येणार होतं, तेही जुन्याच किमतीत. पण जुना स्टॉक संपेपर्यंत गिऱ्हाइकापुढे चकार शब्द काढायचा नव्हता.

नेमका त्याच आठवड्यात, नुकताच निवृत्त झालेला मामा आला. बॉनेटवरून हात फिरवत त्याने विचारलं, "काय गं, घेऊ की थांबू?"

मॅनेजर दोन पावलांवर उभा होता. नोकरी गेली तर दुसरीकडे कोण दारात उभं करणार, असं तिच्या मनात आलं.

"घेऊन टाक, मामा," ती म्हणाली.

नवं मॉडेल आलं आणि मामाच्या कोऱ्या गाडीला बाजारात कुणी विचारेना. सगळे जेवायला बसले असताना मोठा भाऊ तिला टोचून म्हणाला, "तुझ्या नाकाखाली हे शिजत होतं आणि तुला पत्ता नाही?"

मामानेच त्याला गप्प केलं. "अरे, तिला ठाऊक असतं तर तिने मला सांगितलं नसतं का?"

तिने मामाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग ती म्हणाली, "हो ना."