गोगलगायीसाठी उन्हाची खिडकी

चहा घ्या आधी. मग सांगतो, चाकणच्या कंपनीत जाताना मी बसमधून रोज काय नेत होतो, आणि काय नेतोय असं मला वाटत होतं. या दोहोंतला फरक कळेपर्यंत अख्खी जनरल शिफ्ट त्यात ओढली गेली होती.

माझी बायको वैशाली कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. हिवाळ्यात ती गेली. त्याआधीच्या आमच्या शेवटच्या कोकण सहलीत, ओहोटीच्या खडकांमधून तिने एक समुद्री गोगलगाय आणली होती. नखाएवढी, हिरवीगार, पाठीवर शंख नाही. काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी, एक शेवाळलेला दगड आणि या बाई. "पावसाळ्याआधी हिला परत तिथेच सोडायचं," वैशालीने बजावलं होतं. आता सोडायला मी आणि आमची मुलगी सई. सई मे महिन्यात बंगळूरहून येणार होती. तोपर्यंत गोगलगाय जिवंत ठेवायची, एवढंच माझं काम.

वैशालीने मला सगळं समजावलं होतं. ही शिंपले आणि माकूल यांच्याच खानदानातली. पिल्लू असताना हिला शंख असतो, मोठी होताना टाकून देते. शेवाळ्यातला रस शोषते, पण त्यातला हिरवेपणा पचवत नाही. तो अंगात जपून ठेवते आणि झाडासारखी उन्हावर गुजराण करते. "थोडं ऊन दाखवत जा," म्हणाली होती. थोडं. नेमका हाच शब्द मी विसरलो.

सई यायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी बघतो तर गोगलगाय पिवळट पडलेली. वर तरंगतेय, हालचाल नाही. आमचं घर दिघीला, खिडक्या उत्तरेकडे. ऊन आणायचं कुठून? बरणी उचलली आणि कंपनीच्या बसमध्ये चढलो.

दिघीहून चाकणला जाताना सकाळी ऊन उजवीकडून येतं, आणि संध्याकाळी परत येतानाही उजवीकडूनच. इतकी वर्षं जातोय, कधी लक्षात आलं नव्हतं. उजवीकडची खिडकी आमच्या पवारांची.

"पवार, जरा खिडकी द्या."

"का राव, मळमळतंय?"

"मला नाही. हिला ऊन हवंय."

पवारांनी बरणीत वाकून पाहिलं. "हे पान आहे की."

"प्राणी आहे. गोगलगाय." मग मी त्यांना शंखापासून शेवाळ्यापर्यंत सगळं ऐकवलं. मोशी येईपर्यंत पवारांना पटलं.

"नर की मादी?" मागून मशीन शॉपचा कदम.

"दोन्ही. यातली प्रत्येक नरही असते, मादीही."

"मग रुसायचं कुणी न् समजूत कुणी काढायची?"

"खाते काय?" आणखी कुणीतरी.

"शेवाळं."

"शाकाहारी हाय. बसू द्या."

गेटवर सिक्युरिटीने अडवलं. बरणी आत न्यायची तर गेटपास लागेल म्हणाला. "माल परत जाणार का इथेच राहणार?"

"परत जाणार," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन. त्याने मुकाट्याने सोडलं.

दिवसभर बरणी आमच्या डिपार्टमेंटच्या खिडकीत. कदम जेवणाच्या सुट्टीत येऊन बघायचा आणि म्हणायचा, "आत्ता हलली." पवार तर शपथेवर सांगू लागले की सिग्नलला तिने मान वळवली. मलाही दिसली. बसने ब्रेक मारला की पाणी हलतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि मी क्वालिटीत आहे. केसाहून बारीक फरक पकडण्याचा पगार घेतो.

पण खरं सांगू? ते दिवस मला बरे गेले. मांडीवर बरणी, तिच्यात शिरलेलं ऊन, शर्टावर हलणारा हिरवट कवडसा, बाहेर कंटेनरची न संपणारी रांग. डोळा लागायचा. हॉर्न दूर दूर जात लाटांसारखे व्हायचे. वाटायचं, शेजारी कुणीतरी ओणवं होऊन पाण्यात बोट बुडवतंय, आणि मला हळूच म्हणतंय, बघ, इथे बघ. तेवढ्यात गेट यायचं.

शनिवारी सई आली. बॅग ठेवली, बरणी उचलली आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, मेथी कधी केली होतीत?"

"झाले आठ-दहा दिवस. का गं?"

"निवडली कुठे?"

"ओट्यावर."

"आणि बरणी कुठे होती?"

मी ओट्याकडे बोट दाखवलं. सईने दोन बोटांनी माझी गोगलगाय उचलून ओट्यावर ठेवली. देठासकट.

"म्हणजे आईची..." मी बरणीत वाकलो.

सईने दगड उलटा केला. खालच्या बाजूला चिकटून बसलेली, गर्द हिरवी, चांगली गुटगुटीत. हळूच तिने शिंगं बाहेर काढली.

"एवढ्या कडक उन्हात ती कशाला वर येईल? लपून राहिली म्हणून वाचली, बाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही कोकणात गेलो. ओहोटीला, वैशालीने दाखवलेल्या खडकांमध्ये, तिला सोडलं. पाण्यात ती क्षणभर पानासारखी उलगडली आणि शेवाळ्यात दिसेनाशी झाली. आम्ही दोघं तिथेच खडकावर बसलो.

मग सई म्हणाली, "आईला मेथीचं सांगायचं का?"

"नको," मी म्हटलं.

सोमवारी बसमध्ये चढलो तर पवार आधीच खिडकी सोडून उभे, रुमालाने सीट पुसतायत. कदमने मागून मान काढली. मी बरणी मांडीवर घेऊन बसलो.

"काय रंग आलाय राव," पवार म्हणाले. "उन्हानं केलं बघा."

सगळे वाकून बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सकाळीच नवीन जुडी सोडून त्यातलं एक ताजं पान टाकलं होतं.