कडेचं दिसतं

माझ्या डोळ्यांचा मधला भाग वयाने झिजलाय. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग येतो. कडेचं मात्र दिसतं. हे घरात सगळ्यांना सांगून झालंय, पण लक्षात कुणी ठेवत नाही.

आज सुनेला मेथी निवडून दिली. "छान निवडलीत हो आई," ती म्हणाली आणि ओट्याशी जाऊन तीच मेथी आवाज न करता पुन्हा निवडायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसले होते, म्हणूनच तिचे हात मला दिसत होते. पिवळी पानं बाजूला पडत होती.

पानं राहिली याचा राग नाही, ती राहणारच. राग त्या 'छान'चा येतो. लहान मुलाच्या वेड्यावाकड्या चित्रालाही छान म्हणतात, पण ते मूल उद्या मोठं होणार असतं. मला कशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं? नजर माझी गेली आणि खरं बोलणं यांनी सोडलं.

"आण ते ताट इकडे," मी कॅलेंडरकडे बघतच म्हणाले. "माझं काम आहे, पुन्हा मीच करीन."

तिचा हात थांबला. तोही मला दिसला.